अर्ध्या तासात काय पाहाल

साडेपाचला आलात, आणि सहाला कुलूप.
बोंदोनं तिकीट तरी का फाडलं?
असू दे. छत्री कोपऱ्यात टेकवा, बादलीशेजारी.
छत गळतं आमचं. बादली प्रदर्शनात धरू नका.
(परवा एक पाहुणी तिच्यासमोर
बराच वेळ उभी होती, हात मागे बांधून.
मी काही बोलले नाही.)

पहिलं दालन सोडा.
चांदीची नाणी आहेत, पावट्याएवढी,
शाळेच्या सहली तिथंच चिकटतात.
एकावर बैलाचं डोकं आहे, पण त्याला भिंग लागतं
आणि भिंग मार्चपासून दुरुस्तीला गेलंय.

दुसऱ्यात चित्रं. तिबिलिसीहून उसनी आणलेली,
महिनाअखेरीस परत जातील.
नाटकाचे पडदे रंगवणारी एक बाई होती,
उरलेल्या रंगात तिनं शेजारणी काढल्या.
सगळ्यांचे चेहरे हिरवे,
कारण जंगलाचाच रंग उरायचा.
पाचवीजवळ थांबा,
जी डाळिंब सोलतेय
आणि आपल्याकडे बघत नाही.

आता तिसरं. माझी खुर्ची इथंच आणलीय मी.
'अंधाराचे हिवाळे' असं नाव दिलंय पोरांनी.
पोरं म्हणजे क्युरेटर. तेव्हा जन्मलीही नव्हती.
पावाच्या रांगेतला नंबर, कुणाच्या तळहाताच्या फोटोत,
जांभळ्या शाईनं: ४१२.
आणि तो रॉकेलचा स्टोव्ह, काजळीसकट.
पाटीवर 'घरगुती वापराचा, १९९३, देणगी'.
कुणाची ते नाही लिहिलं.
माझ्या जावेचा तो, त्सियुरीचा.
वात कापायला कात्री शोधायची, शिव्या देत,
आणि तो वास
ईस्टरपर्यंत आमच्या केसांत.
काचेत वास ठेवता येत नाही, मी पोरांना म्हटलं.
त्यांनी ते लिहून घेतलं.

संग्रहालय तेव्हाही उघडं असायचं.
हे कुठल्या पाटीवर नाही, म्हणून सांगते.
पगार नव्हता, वीज नव्हती.
खिडक्या फुटलेल्या, त्यांवर फळ्या ठोकलेल्या,
भर दुपारी रात्र. मेणबत्तीला मनाई, आगीच्या भीतीनं.
मी दोन कोट चढवून बसायचे, दहा ते चार.
अख्ख्या डिसेंबरात सात माणसं आली,
त्यातला एक फक्त विचारायला
की चित्रांच्या चौकटी विकता का,
लाकूड चांगलं दिसतंय.

अशा काळोखात पहारा द्यायचा कसा?
जे दिसत नाही ते जागेवर आहे
की कधीच गेलं, हे कळणार कसं?
तर एकदा, आणि हे बोंदोलाही ठाऊक नाही,
मी उठले. भिंत चाचपत, पावलं मोजत
त्या काशाच्या हरणापाशी गेले.
बोटाएवढं हरीण, तीन हजार वर्षांचं,
तेव्हा त्याच्यावर काच नव्हती.
आणि हात ठेवला.

चौतीस वर्षं लोकांना सांगतेय, हात लावू नका.

गार होतं. माझ्याइतकंच.
पाठीवर एक रेघ लागली बोटाला,
छापील पुस्तकातल्या फोटोत ती नाही,
तज्ज्ञ आले, त्यांनीही कधी म्हटलं नाही.
आहे पण. उजव्या अंगाला.
डोंगरातल्या कुण्या कासाराचा हात सटकला असेल,
आणि वर बघून त्यानं ठरवलं असेल,
चालतंय, कोण बघतंय.
मी म्हटलं, बरं, आहेस तर.
आणि परत खुर्चीत येऊन बसले.

आता ते चौथ्या दालनात असतं, दिव्याखाली.
पाच मिनिटं उरलीत. जा.
उजवीकडून बघा, थोडं वाकून.
मी तोवर दिवे मालवायला घेते,
तुमच्या मागचे आधी.